विश्लेषण : कागदाचे भूत मुलांना करू द्या, पण त्याला चेहरा कोणाचा देणार?

ऑक्टोबर संपत आला की पूर्वप्राथमिक वर्गांच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक संदेश येतो. ३१ तारखेला मुलांना काळे कपडे घालावेत आणि घरी केलेली एखादी ‘भीतीदायक’ वस्तू सोबत द्यावी. मुंबई-पुण्यातल्या पालकांना आता याचे काही वाटत नाही, नाशिक शहरातही हे रुळले आहे. इगतपुरी तालुक्यातील घोटीसारख्या, भाताच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या महामार्गावरच्या गावात मात्र हा संदेश वाचून कपाळावर आठी पडणे साहजिक आहे. काहींना ही परदेशी थेरे वाटतात. काही जण वाद नको म्हणून ऑनलाइन प्लास्टिकचा सापळा मागवून मोकळे होतात. चार-पाच वर्षांच्या मुलाने स्वतःच्या हाताने कागदाचे भूत करावे का, केले तर त्यातून त्याला काय मिळते आणि कोणते भूत करू नये, हा खरा प्रश्न या गडबडीत बाजूला राहतो.

हॅलोविन आहे तरी काय?

आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये सुगी संपून हिवाळा सुरू होण्याच्या सुमारास पाळल्या जाणाऱ्या ‘साउइन’ या जुन्या सणात त्याचे मूळ सांगितले जाते. पुढे १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या ख्रिस्ती सणाशी ते जोडले गेले. आयर्लंडमध्ये सलगमसारखे कंद कोरून त्यात दिवा ठेवत. तिथून लोक अमेरिकेत गेले, तिथे भोपळा मुबलक होता, म्हणून भोपळा आला. आपल्याकडे पोहोचला तो हा अमेरिकी अवतार, तोही मुख्यतः कार्टून आणि रील्समधून.

सुगीचा शेवट, रात्री मोठ्या होऊ लागणे आणि अंधाराशी काहीतरी हिशेब करणे हा या सणाचा गाभा घोटीला अनोळखी वाटू नये. याच दिवसांत इथल्या खाचरांत भातकापणी चालू असते आणि दिवाळी तोंडावर किंवा नुकतीच सरलेली असते. २०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले होते. त्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर अनेक घरांत कारीट पायाच्या अंगठ्याने फोडले गेले. ते कडू, लहानसे फळ म्हणजे नरकासुर. चार वर्षांच्या पोराला राक्षस ठार करण्याचा मान देणारा हा विधी सहज म्हणून केला जातो. मुलाच्या बाजूने पाहिले तर तो सहज नसतो.

भीतीदायक सजावट आपली नाहीच का?

गोव्यात दिवाळीच्या आधी आठवडाभर वाड्यावाड्यांत नरकासुर उभे राहतात. बांबूचा सांगाडा, गवताचे पोट, कागदाच्या लगद्याचा मुखवटा, बाहेर आलेले सुळे. मोठ्यांचा नरकासुर दोन मजल्यांइतका उंच असला, तर शेजारी मुलांनी केलेला कमरेइतका असतो. पहाटे दोन्ही जाळले जातात. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. तिच्याबरोबर निघणाऱ्या बडग्यांत बांबू, कागद आणि त्या वर्षीच्या सार्वजनिक संतापाचा विषय असतो. शेतातले बुजगावणे, म्हणजे उलट्या मडक्याला चुन्याने काढलेले डोळे, हीसुद्धा एका अर्थाने भीतीदायक सजावटच, फक्त प्रेक्षक पाखरे. मुंबई-आग्रा महामार्गावरून घोटीतून जाणाऱ्या ट्रकच्या मागे लटकणारी काळी बाहुली आणि नव्या घराच्या गच्चीवरचा जीभ काढलेला राक्षस यांच्याबद्दल ‘हे आपले नाही’ असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

घोटीला सर्वांत जवळचे उदाहरण बोहाड्याचे. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा आणि डोंगरापलीकडे मोखाडा, जव्हार या पट्ट्यात होळीनंतरच्या उन्हाळ्यात गावोगावी बोहाडा रंगतो. टेंभ्यांच्या उजेडात, संबळ-पिपाणीच्या तालावर एकेक सोंग नाचत येते. गणपती येतो, सरस्वती येते, नरसिंह, रावण, त्राटिका, वेताळ येतात आणि अखेरीस देवी महिषासुराचा वध करते. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. अनेक गावांत कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे हे ठरलेले असते. त्यामुळे आईच्या कडेवरून डोळे विस्फारून पाहणाऱ्या मुलाला त्या मुखवट्याआड कोण आहे हे बहुतेक वेळा माहीत असते. राक्षस म्हणजे शेजारचे काका. ते सकाळी मुखवटा उतरवून चहा पिताना दिसतात. भीती पूर्ण खरी आणि तरी पूर्ण सुरक्षित, अशी ही रचना आहे.

इथे एक पथ्य पाळायला हवे. बोहाड्यातल्या सोंगांना विधीचा मान आहे, मुखवट्यांची पूजा होते. म्हणून ‘आपला देशी हॅलोविन’ असे लेबल लावून देवीचा किंवा नरसिंहाचा मुखवटा स्नेहसंमेलनाच्या भिंतीवर टांगणे शोभणारे नाही. बोहाड्याकडून घ्यायची आहे ती पद्धत. भीतीचा मुखवटा माणसानेच केलेला असतो आणि तो काढता येतो, हे मुलाला दिसू देणे ही ती पद्धत.

लहान मुलांना भीती दाखवणे योग्य आहे का?

भीती दाखवणे आणि भीती करू देणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयावरचा बहुतेक गोंधळ दोन्ही एक समजल्याने होतो.

साधारण तीन ते सहा वर्षे या वयात मुलांच्या भीतीत अंधार, भूत, राक्षस, पलंगाखालचे ‘काहीतरी’ यांची गर्दी असते. कल्पना आणि वास्तव यांच्यातली रेघ या वयात पुरती पक्की झालेली नसते. सात-आठ वर्षांनंतर भुतांची जागा हळूहळू चोर, अपघात, आजारपण अशा खऱ्या जगातल्या भीती घेतात. म्हणजे बालवाडीतले मूल भुताला घाबरते ते त्याला कोणी हॅलोविन दाखवला म्हणून नव्हे. भूत आधीच तिथे असते. त्याचे पुढे काय करायचे, एवढाच प्रश्न उरतो.

आपल्याकडचे प्रचलित उत्तर म्हणजे त्या भुताला कामाला लावणे. जेवला नाहीस तर बागुलबुवा येईल. झोपली नाहीस तर त्याला हाक मारते. हे लागू पडते, म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पण यात भुताचा लगाम मोठ्यांच्या हाती राहतो. मूल ज्यांच्याकडे आसरा घ्यायला धावणार तेच भुताचे हस्तक निघतात. मूल गप्प होते ते भीती संपल्यामुळे नाही, तर ती बोलून दाखवण्याची सोय न राहिल्यामुळे.

कागदाचे भूत हा लगाम मुलाच्या हातात देते. डेन्मार्कमधील आऱ्हुस विद्यापीठात मजेसाठी अनुभवल्या जाणाऱ्या भीतीचा अभ्यास करणारी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. भीती आणि मजा यांच्यामध्ये एक सोसवेल अशी जागा असते. फार कमी झाली तर कंटाळा, फार जास्त झाली तर रडू, ही तिथल्या कामातून पुढे आलेली मांडणी आहे. लपाछपीत ‘भ्वॉक’ करताना प्रत्येक आजोबा हेच मोजमाप अंदाजाने करत असतात. मुलाने स्वतः कापलेल्या भुताचा फायदा असा की मात्रा तेच ठरवते. दात किती मोठे, डोळे किती लाल, हे त्याच्या हातात. नको झाले तर डोळ्यांवर कागद चिकटवता येतो.

मराठी रंगभूमीने हे फार पूर्वी ओळखले. रत्नाकर मतकरी यांनी मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिल्या आणि मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ लिहिले. त्यातली चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि अलीकडच्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी रंगवली. नाट्यगृहातली मुले तिला घाबरतात, मग तिच्यावर ओरडतात, मग हसतात. हा क्रम महत्त्वाचा.

करायचे कसे?

खर्च जवळजवळ शून्य. रद्दी, जुन्या वह्यांचे कोरे कागद, खोक्यांचे पुठ्ठे, दोरा आणि बोथट टोकाची कात्री. काळा रंग हवा तर स्टेशनरीच्या दुकानात घोटीव कागद मिळतो (घोटीत तो मागताना हसू आले तर येऊ द्यावे). गोंद विकत आणण्याचीही गरज नाही. भाताच्या गावात खळ घरातच आहे. उरलेला भात जास्त पाण्यात गिचगिचीत शिजवून, कुस्करून, गाळून घेतला की कागद चिकटवण्याइतकी चिकट खळ तयार होते. मुलाने बोट चाटले तरी बिघडत नाही. मात्र ती त्याच दिवशी संपवावी, दुसऱ्या दिवशी आंबते.

काम वयाप्रमाणे वाटावे. तीन वर्षांच्या मुलाला कात्री देऊ नये, त्याला फाडायला द्यावे. फाटक्या, वेड्यावाकड्या कडा भुताला शोभतातच. सरळ कापलेले भूत उलट नीटनेटके आणि बिनधोक दिसते. चार-पाच वर्षांच्या मुलांना चिकटवणे आणि तोंड रंगवणे जमते. पाच-सहाव्या वर्षी घडी घालून कापणे सुरू करता येते.

सर्वांत सोपे वटवाघूळ. काळा कागद मधोमध दुमडायचा, दुमडलेल्या कडेकडून अर्धे अंग आणि एक पंख काढायचा, कापायचे आणि उघडायचे. एक पंख कापला होता, दोन कसे आले, याचे आश्चर्य पाच वर्षांच्या चेहऱ्यावर पाहण्यासारखे असते. सममितीचा पहिला धडा तो हाच. भुतांची साखळी करायची तर कागदाची वीतभर उंच, लांब पट्टी घ्यावी, हातपंख्यासारख्या चार-पाच घड्या घालाव्यात आणि वर एक भूत असे काढावे की त्याचे दोन्ही हात घडीच्या दोन्ही कडांना टेकतील. कापताना हातांच्या टोकांना कात्री लावायची नाही. पट्टी उघडली की हात धरून उभी असलेली भुते मिळतात. टोके चुकून कापली गेली तर सुटी भुते मिळतात, तीही चालतात.

मोठ्या भावंडांसाठी मुखवटा. स्टीलचे मोठे वाडगे पालथे घालून त्यावर पाण्यात भिजवलेल्या रद्दीच्या पट्ट्यांचा एक थर द्यायचा, मग खळीत बुडवलेल्या पट्ट्यांचे चार-पाच थर. दोन दिवस कडक उन्हात वाळले की वाडगे काढून घ्यावे. घोटीत हे काम दिवाळीच्या सुमारासच जमण्यासारखे आहे. जुलै-ऑगस्टच्या पावसात इथे पापड वाळत नाहीत, तिथे लगद्याचे काय! रद्दीच्या शाईने हात काळे होतात, म्हणून खाण्याआधी ते साबणाने धुवावेत. पुण्यातून टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचा प्रसार करणारे, स्वतः आयआयटी कानपूरचे अभियंते असलेले अरविंद गुप्ता यांची पुस्तके मराठीतही आहेत; कागद दुमडून हलणारे, तोंड उघडमिट करणारे प्राणी त्यांत सापडतात. त्यांना सुळे लावले की काम झाले.

आणि सर्वांत चांगला भाग कागद कापून झाल्यावर सुरू होतो. दिवे घालवून मोबाइलचा फ्लॅश लावावा आणि कापलेले भूत फ्लॅश आणि भिंत यांच्यामध्ये मुलाला धरू द्यावे. भूत फ्लॅशजवळ आणले की सावली छतापर्यंत जाते. भिंतीजवळ नेले की तळहाताएवढी होते. फ्लॅशचा दिवा बारीक असल्याने सावलीच्या कडा ठळक उमटतात, मोठ्या बल्बने त्या पुसट होतात. भूत केवढे असावे हे आपला हात ठरवतो, हे मुलाला पाच मिनिटांत कळते. पुढे वीज गेल्यावर भिंतीवर खुंटीवरच्या शर्टाची सावली हलली तर दिवा कुठे आहे हे शोधायचे असते, ही गोष्ट त्याला कोणी वेगळी शिकवावी लागत नाही.

दोन गोष्टी टाळाव्यात. कागदी सजावटीत मेणबत्ती किंवा पणती नको. आणि बॅटरीचे छोटे दिवे आणले तर त्यांचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे, कारण त्यातला बटणासारखा सेल मुलाने गिळला तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होऊ शकते. सजावटीचे थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, तेव्हा तो प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे.

कोणते भूत नको?

हॅलोविनच्या तयार चित्रांमध्ये भोपळा, वटवाघूळ, सांगाडा यांच्या बरोबरीने हमखास असते ती चेटकीण. सुरकुतलेला चेहरा, बाकदार नाक, काठी किंवा झाडू, एकटी राहणारी म्हातारी. युरोपात शेकडो वर्षांपूर्वी अशा ठपक्यावरून बायकांना जाळले गेले. आज तिथे ते चित्र निरुपद्रवी झाले आहे. आपल्याकडे झालेले नाही. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात बायकांना डाकीण, भुताळी ठरवून छळल्याची प्रकरणे पोलिसांपर्यंत आणि न्यायालयापर्यंत गेली आहेत. यात बळी पडणारी बाई पुष्कळदा वयस्कर, विधवा किंवा एकटी असते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर राज्यात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते असे भासवून तिला त्रास देणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते ५० हजार रुपये दंड.

अशा भागातल्या बालवाडीच्या भिंतीवर सुरकुतलेल्या म्हातारीचे चित्र ‘भीतीदायक’ म्हणून लावले, तर चार वर्षांचे मूल काय शिकेल? चिंची चेटकीण चालते, कारण रंगमंचावर ती नट आहे हे उघड दिसते आणि शेवटी ती पडद्यापुढे येऊन नमस्कार करते. भिंतीवरची म्हातारी नमस्कार करत नाही. मग गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी खरी म्हातारी दिसली की मुले पळतात आणि मोठे हसतात. एवढ्या एका कारणासाठी चेटकिणीचे चित्र पूर्वप्राथमिकच्या यादीतून काढून टाकावे.

झोळीवाल्या बुवाचेही तेच. ‘पोत्यात घालून नेईल’ ही धमकी ज्याच्या नावाने दिली जाते, तो खरा, दारावर येणारा गरीब माणूस असतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा तेव्हा मोबाइलवरून पसरली होती. त्या जमावातले सगळे कधीतरी चार वर्षांचे होते, आणि झोळीवाल्याला घाबरायचे हे त्यांना कोणीतरी शिकवले असणार.

घुबडाबाबतही थोडा विचार हवा. हॅलोविनच्या सजावटीत ते असते आणि आपल्याकडे ते आधीपासूनच अपशकुनी. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडांची शिकार आणि विक्री होते. वन्यजीव संरक्षण कायद्याने ती गुन्हा आहे. भाताच्या शेतात उंदीर खाणारा हा पक्षी घोटीच्या शेतकऱ्याच्या पथ्यावर पडणारा आहे. कागदाचे घुबड जरूर करावे, पण करताना हे सांगावे. वटवाघळाचेही तसेच: आपल्याकडच्या कित्येक जाती रात्रभर किडे खातात. कागद कापायला पंधरा मिनिटे लागतात, तेवढ्यात एवढे बोलून होते.

मग उरते काय? तीन डोळ्यांचा, सहा हातांचा, कोणासारखाच न दिसणारा राक्षस. मुलाला सांगितले तर ते असलाच राक्षस काढते. माणसासारखे भूत काढायला त्याला मोठ्यांचे नमुने दाखवावे लागतात.

बिबट्याचे काय?

हा प्रश्न शहरातल्या लेखात आला नसता. इगतपुरी तालुक्यातल्या मुलांसाठी अंधारात खरोखर काहीतरी असते. उसाच्या आणि झाडीच्या कडेला, वस्तीजवळ बिबट्याचा वावर हे इथले वास्तव आहे, आणि संध्याकाळी मुलांना एकटे बाहेर सोडू नका ही वन विभागाची सूचना खऱ्या धोक्याबद्दल असते. म्हणून या भागात भूत आणि बिबट्या एकाच वाक्यात वापरू नयेत. ‘बाहेर जाऊ नको, भूत आहे’ असे सांगून मुलाला घरात ठेवता येते, पण भूत नसते हे ज्या वर्षी त्याला कळेल, त्या वर्षी ते बिनधास्त बाहेर जाईल. भूत कागदाचे, ते आपण केले, त्याला घाबरून हसायचे. बिबट्या खरा, त्याच्यासाठी अंधार पडण्याआधी घरी यायचे, मोठ्यांसोबत चालायचे, हातात बॅटरी घ्यायची. तीन वर्षांच्या मुलालाही हा फरक सांगता येतो, आणि बिबट्याचा कागदी मुखवटा भुतांच्या साखळीत न टांगता वेगळ्या भिंतीवर लावला तर तो दिसतोही.

शाळांनी काय करावे?

काळ्या कपड्यांची सक्ती सोडून द्यावी. भातकापणीच्या दिवसांत मजुरीवर जाणाऱ्या आईबापांनी एका दिवसाच्या पोशाखासाठी खर्च का करावा, याचे उत्तर कोणत्याही शिक्षणतत्त्वात नाही. ‘घरून करून आणा’ हेही नको, कारण मग ते काम आई रात्री अकरा वाजता करते आणि मूल झोपलेले असते. वर्गात रद्दीचा गठ्ठा आणि खळीचे पातेले ठेवले तर तासाभरात २५ राक्षस तयार होतात. व्हॉट्सअॅपच्या संदेशात मग इतकेच लिहावे लागेल: उद्या येताना घरची जुनी वर्तमानपत्रे आणि वाटीभर उरलेला भात पाठवावा.